शिशिरातील शेकरू : वऱ्हाडातील शोधविद्या आणि तिची शब्दसंपदा

१

कोशात प्राण्याचे नाव सापडते; प्राणी मात्र रानात सापडावा लागतो. या दोन शोधांत जे अंतर आहे, ते भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. 'खार', 'शेकरू' यांसारख्या शब्दांचा अर्थ देताना कोशकार प्राण्याचे रूप सांगतो आणि थांबतो. परंतु ज्याला तो प्राणी प्रत्यक्ष हुडकून काढायचा असतो, त्याच्या दृष्टीने त्या शब्दाच्या अर्थात ऋतू, प्रहर, झाड, आवाज आणि जमिनीवरचा उष्टावा या साऱ्यांचा अंतर्भाव होतो. वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील, उतरत्या हिवाळ्याच्या दिवसांत खारींचा शोध कसा घेतला जातो, व त्या शोधातील ज्ञान भाषेत कोणत्या रूपाने साठविलेले असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वऱ्हाडाचे मेळघाट, पयनघाट व बालाघाट हे परंपरागत विभाग सर्वश्रुत आहेत. मेळघाट हा सातपुड्याचा डोंगराळ भाग. चिखलदरा व धारणी हे तालुके त्यात येतात, आणि अकोट तालुक्यातील नरनाळ्याचा डोंगरही याच रांगेत आहे. पयनघाट म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीचा सपाट मुलूख. शेकरू हे मेळघाटातील झाडीचे रहिवासी. पाच पट्ट्यांची लहान खार ही पयनघाटातील शेते, बागा व घरांची आढी यांची. म्हणून शोधाच्या रीतीही दोन, आणि त्यांचे शब्दविश्वही दोन.

२

प्रथम नावांचा विचार करू. 'खार' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. संस्कृत 'क्षार' या शब्दापासून आलेला 'खार' पुल्लिंगी आहे. उच्चार एकच असूनही केवळ लिंगभेदाने अर्थभेद होण्याचे हे एक चांगले उदाहरण होय. 'खारूताई' या रूपात नात्याचा शब्द जोडून या प्राण्याला घरातले स्थान दिले गेले आहे. कोकणात मात्र हाच प्राणी 'चानी' या अगदी वेगळ्या नावाने ओळखला जातो.

प्राकृतात खारीला 'खाडहिला' असा शब्द आहे. जैनांच्या नंदीसूत्रात स्वयंस्फूर्त बुद्धीची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत तो येतो. टीकाग्रंथांतील कथेनुसार रोहक नावाच्या चतुर मुलाला खारीच्या अंगावरील पांढऱ्या व काळ्या रेषांची संख्या आणि तिच्या शेपटीची व शरीराची लांबी यांविषयी विचारले जाते. दोन्ही सारख्याच, असे त्याचे उत्तर असते. ज्याने खार नीट पाहिली आहे त्यालाच हे कोडे सुटावे, अशी त्याची रचना आहे. रामाची बोटे उमटल्याने खारीच्या पाठीवर तीन पट्टे आले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे; परंतु वऱ्हाडाच्या मैदानी भागातील ज्या खारीला प्राणिशास्त्रज्ञांनी १९०५ साली फ्युनॅम्ब्युलस पेनांटी हे नाव दिले, तिच्या पाठीवर पट्टे पाच असतात. कथा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात सहज जाते. प्राणी मात्र ज्या त्या मुलखाचा असतो.

'शेकरू' हे रूप वासरू, कोकरू, लेकरू, पाखरू या नपुंसकलिंगी शब्दांच्या पंक्तीत बसते. या पंक्तीतील शब्द बहुधा लहान जिवांचे वाचक आहेत. वस्तुतः शेकरू हे आपल्याकडील झाडांवरच्या खारींत आकाराने सर्वांत मोठे. डोके व धड मिळून सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर, शेपूट त्याहूनही लांब, आणि वजन दीड ते दोन किलोपर्यंत. शब्दरूप लहानपणाचे आणि प्राणी मोठा, असा हा विरोध आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून या प्राण्याचा उल्लेख करताना 'शेकरू हा' अशी पुल्लिंगी योजना आता पुष्कळदा आढळते. ती 'प्राणी' या शब्दाच्या अध्याहारामुळे झालेली असावी.

३

शोधाचा काळ माघ-फाल्गुनाचा का, हा यापुढील प्रश्न. आपल्या ऋतुगणनेत थंडीचे हेमंत व शिशिर असे दोन भाग केले आहेत, आणि शिशिराची खूण पानगळ ही मानली आहे. वऱ्हाडी बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. त्यामुळे 'डोळा'चा 'डोया' होतो तशी पानगळही 'पानगय' होते. मेळघाटाचे अरण्य शुष्क पानझडी प्रकारचे असून त्यात सागाचे प्राबल्य आहे. सागाची रुंद पाने गळू लागली की पावसाळ्यात आणि हेमंतात जे काही झाकलेले होते ते उघडे पडते.

या वेळी प्रथम दिसते ते घरटे. शेकरू काटक्या व पाने यांचे मोठे गोलाकार घरटे बांधते, तेही उंच झाडाच्या फांद्यांच्या बारीक टोकांकडे, जेथे जड अंगाचा शत्रू पोहोचू शकत नाही. एकाच शेकराची अशी अनेक घरटी असतात. म्हणून घरटे दिसले म्हणजे शेकरू सापडले, असे होत नाही. त्यातील कोणते वापरात आहे, हे ओळखणे हेच खरे कौशल्य. विटलेल्या पानांचे, विस्कटलेले, काटक्या लोंबणारे घरटे बहुधा सोडलेले असते. नव्याने खोचलेला पाला दिसला तर घरट्यात वावर आहे असे समजावे. अनेक घरटी पाहून त्यांच्या मधोमध पडणारा पट्टा मनाशी आखला, तर त्या जिवाच्या येण्याजाण्याचे क्षेत्र कळू लागते.

दुसरी गोष्ट हिरवळीची. डोंगरउतार निष्पर्ण झाले तरी नाल्याकाठी आंबा, जांभूळ यांसारखी झाडे पाने राखून असतात. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सुमारे सहा मीटरपर्यंतची झेप घेत ते हिंडते. म्हणून फांद्याला फांदी लागलेली झाडी त्याला आवश्यक असते. पानगळीमुळे सावलीची व आडोशाची अशी जागा आक्रसते, आणि शोधणाऱ्याचे लक्षही नाल्याकाठच्या त्या अरुंद हिरव्या पट्ट्यावर केंद्रित होते. पावसाळ्यात जो शोध सबंध डोंगरभर घ्यावा लागला असता, तो शिशिरात एका ओढ्यापुरता उरतो.

तिसरी गोष्ट प्रहराची. शेकरू दिवसा वावरणारा प्राणी आहे. सकाळी आणि दिवस कलल्यावर ते चरते. दुपारी फांदीवर अंग टाकून पडून राहते. सकाळची वेळ आणखी एका कारणाने सोयीची असते. शिशिरात झाडे उघडी पडतात, पण जमीन पाचोळ्याने भरते, आणि वाळलेला पाचोळा पावलागणिक वाजतो. ज्या पानगळीमुळे सावज दिसते, त्याच पानगळीमुळे सावजाला शोधणाऱ्याची चाहूल लागते. पहाटेच्या दवाने पाचोळा मऊ पडलेला असतो तोवरच चालून घ्यावे; ऊन वर आले की चालणे सोडून बसावे, हा नियम यातूनच निघतो.

चौथी गोष्ट कानाची व जमिनीची. शेकराचा खडखडणारा मोठा आवाज दूरवर ऐकू येतो. तो नसेल तेव्हा कुरतडण्याचा व खाली पडणाऱ्या तुकड्यांचा बारीक आवाज माग दाखवितो. मागील पायांनी फांदीला धरून लोंबकळत, पुढच्या पायांत खाद्य घेऊन ते खाते. फळे, बिया, फुले, कोवळी पाने व साल असा त्याचा आहार असल्याने झाडाखाली उष्टावा पडतो. वानरांनी मोडलेल्या डहाळ्या व अर्धवट टाकलेली फळे निराळी, आणि पटाशीच्या दातांनी कोरलेली फळे निराळी. पाहणाऱ्याने आधी खाली पाहावे आणि मग वर, हे सूत्र या फरकावर आधारलेले आहे.

शेवटी, प्राणी दिसण्याच्या क्षणीची युक्ती. धोका जाणवताच शेकरू फांदीला अंग चिकटवून निश्चल होते किंवा खोडाच्या पलीकडच्या अंगाला सरकते. एकट्याने झाडाभोवती फिरून उपयोग नाही. तो फिरेल तसे तेही फिरते. दोघे असले तर एकाने स्थिर राहावे व दुसऱ्याने वळसा घालावा. वळसा घालणाऱ्याला चुकविण्याच्या नादात शेकरू स्थिर राहिलेल्याच्या दृष्टीस पडते. थंड प्रदेशांतील खारींच्या शिकारीतही हीच युक्ती योजतात.

४

पयनघाटातील लहान खारीचा शोध याहून सोपा, पण कमी उद्‌बोधक नाही. ही खार घरट्याला कापूस, सुतळी, चिंध्या यांचे मऊ अस्तर लावते. कपाशीची वेचणी संपत आलेली असते, बोंडांतून सुटलेला कापूस धुऱ्यावरच्या काट्यांना लागून राहिलेला असतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी खारींच्या विणीचा काळ सुरू होतो. तोंडात कापसाचा पुंजका धरून धावणारी खार जेथे दिसेनाशी होते, तेथे घरटे आहे असे समजावे. मोर्शी-वरूडकडील संत्र्यांच्या बागांत याच सुमारास मृग बहाराची फळे उतरविली जातात व आंबिया बहाराची फुले आलेली असतात. तेथे खारीचा माग बागवानाला मुद्दाम काढावा लागत नाही.

५

उत्तर अमेरिकेतील करड्या खारीशी तुलना केल्यास स्थानिक ज्ञानाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. तेथेही उतरत्या हिवाळ्यात झाडे निष्पर्ण असल्याने पानांची घरटी उघडी दिसतात. येथवर साम्य आहे. परंतु तेथील खार कठीण कवचाची फळे जमिनीत पुरून ठेवते व हिवाळ्यात ती उकरून खाते; म्हणून शोधणारा जमिनीवरही नजर ठेवतो. शेकरू आपली शिदोरी झाडावरच ठेवते. तेथे गोठविणाऱ्या थंडीत खार ऊन तापल्यावर बाहेर येते. येथे ऊन तापले की ती विसावते. एकच ऋतू, एकाच कुळातील प्राणी, तरीही प्रहराचा नियम उलटा. अर्थात, शोधविद्येचे भाषांतर होत नाही. ती त्या त्या भूमीतच शिकावी लागते.

६

या विद्येची मराठीतील परिभाषा प्राचीन आहे. 'शिकार' हा शब्द फारसीतून आला. त्याआधीचा आपला शब्द 'पारध'. संस्कृत 'पापर्द्धि', प्राकृत 'पारद्धि' असा त्याचा क्रम लावतात, आणि 'पारधी' हे नाव त्याच्याशी संबद्ध आहे. 'वाघूर' म्हणजे जाळे, हा शब्द 'वागुरा'पासून. 'फासा' हा 'पाश' यापासून. 'सावज' हा 'श्वापद' यापासून. आणि 'माग' हा 'मार्ग' यापासून. वऱ्हाडातील फासेपारधी समाजाच्या नावातच त्याचे साधन आहे. ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. पारध्यांनाही त्याचा जाच सोसावा लागला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्क्याचा डाग पुसला गेला नाही. ज्या समाजाकडे माग काढण्याची विद्या होती, त्याच्याकडे ज्ञानवंत म्हणून पाहण्याची दृष्टी त्यामुळे फार काळ निर्माण झाली नाही.

मेळघाटातील कोरकूंची भाषा तर आर्य कुळातीलही नव्हे आणि द्राविड कुळातीलही नव्हे. ती मुंडा शाखेची सर्वांत पश्चिमेकडील भाषा आहे. 'कोरकू' या नावातील 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय असून नावाचा अर्थ 'माणसे' असा होतो. ड्रेक यांचे व्याकरण १९०३ मध्ये निघाले; नॉर्मन झाइड यांचा ध्वनिविचारावरील प्रबंध १९६० चा, आणि के. एस. नागराज यांचे व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह असलेले पुस्तक १९९९ चे. हे कार्य मोलाचे आहे. तथापि भाषांच्या पाहणीच्या साधनांची मर्यादा येथे सांगितली पाहिजे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात नमुन्यादाखल उधळ्या पुत्राची दृष्टांतकथा निरनिराळ्या भाषांत उतरवून घेतली गेली. त्या कथेत डुकरे आहेत, पुष्ट वासरू आहे. पण माग नाही, पाचोळा नाही आणि शेकरूही नाही. स्वॉडेश यांच्या शंभर शब्दांच्या यादीत पान, साल व बी यांना स्थान आहे. पण नवा पाला व विटलेला पाला यांतला भेद विचारणारा प्रश्न तिच्यात नाही. जे विचारले जात नाही ते नोंदलेही जात नाही, आणि पुढे ते भाषेत नव्हतेच असा समज होतो.

७

आज या ज्ञानाचा जुना उपयोग संपलेला आहे, आणि ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शेकराच्या शिकारीस प्रतिबंध केला. १९७३ मध्ये आरंभलेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश झाला. परंतु उपयोग संपला म्हणून ज्ञान निरुपयोगी ठरत नाही. भीमाशंकर अभयारण्यात शेकरांची गणना घरट्यांच्या मोजणीच्या आधारे केली गेली आहे. वापरातले घरटे कोणते आणि सोडलेले कोणते, हा जो प्रश्न पूर्वी पारध्यापुढे होता, तोच आज गणकापुढे आहे. येथे चूक झाली तर सोडलेली घरटी जमेस धरली जातात आणि कागदावरची संख्या फुगते. मारायचे नसून मोजायचे आहे, एवढाच काय तो फरक.

वन्यजीवनाचे मराठी लेखक मारुती चितमपल्ली यांनी रानात राहणाऱ्यांकडून शब्द गोळा केले व काकागारासारखे नवे शब्दही घडविले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या प्रकारचे काम आता एकट्या व्यक्तीच्या आवडीवर सोडून चालणार नाही. ज्यांनी तरुणपणी शेकराचा माग काढला अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत, आणि बंदी आलेल्या कृत्याविषयी अनोळखी माणसाशी बोलताना ती साहजिकच बिचकतात. अभ्यासकाने प्रथम त्यांचे हे भय जाणले पाहिजे. बोलणाऱ्याचे नाव नोंदीत येऊ न देणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग होय.

शिवाय पाहणीचा काळही विचारपूर्वक निवडावा लागेल. भर पावसाळ्यात ओसरीवर बसून प्रश्नावली भरून घेतली तर 'शेकरू म्हणजे काय?' याचे एका शब्दाचे उत्तर मिळेल. तीच प्रश्नावली माघात, पहाटे, नाल्याच्या काठाने चालताना हाती असेल, तर घरट्याच्या अवस्थेचे, पाचोळ्याच्या ओल्या-सुक्या आवाजाचे, उष्टाव्याच्या प्रकारांचे आणि उन्हाच्या चढण्या-उतरण्याचे शब्द आपोआप निघतील. शब्द ज्या ऋतूत वापरला जातो, त्याच ऋतूत तो नोंदला जावा.