सिस्टर, यावर इंजेक्शन आहे का?

रविवारची वंदना झाली, खीर वाटून झाली, बायका आपापल्या घरी गेल्या. शिरूर तालुक्यातल्या त्या वस्तीतली एक आई मात्र विहाराच्या पायरीवर थांबून राहिली. आम्ही बीपीचं मशीन पिशवीत भरत होतो. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "सिस्टर, यावर एखादं इंजेक्शन असतं का हो?"

मुलगा २६ वर्षांचा, कंपनीत कामाला. घरात मुली बघायला सुरुवात झाली तसा तो गप्प गप्प राहू लागला. मग धाकट्या भावानं त्याच्या मोबाईलमधले मेसेज वाचले. समोर मुलगी नव्हती, दौंडचा एक मुलगा होता. वडिलांनी हात उगारला. नातेवाइकांनी एका बाबाचा पत्ता दिला. लग्न लावून टाका, आपोआप ताळ्यावर येईल, असंही ठरलं. पोरगा दोन दिवस जेवला नव्हता, जगायचंच नाही म्हणत होता.

आम्ही आधी त्याला भेटलो. जे कळलं ते दोघांना विचारूनच, नावं न घेता लिहीत आहोत.

हे दोघं एकाच हायस्कूलमधले, आणि एकमेकांचे हाडवैरी. दौंडचा तेव्हा शिरूरकडंच राहायचा. तो याला भर वर्गात 'बायल्या' म्हणायचा. एकदा तर याचा जेवणाचा डबा त्यानं गटारीत फेकला. यानंही एकदा दगड मारून त्याचं डोकं फोडलं. दहावीनंतर वाटा वेगळ्या झाल्या. मग काही वर्षांनी, ५ डिसेंबरच्या रात्री, चैत्यभूमीला निघालेल्या गर्दीत दौंड स्टेशनवर दोघं समोरासमोर आले. गाडीला उशीर होता. दौंडचा म्हणाला, "तुला चिडवलं की माझ्याकडं कुणी बघायचं नाही, म्हणून चिडवत होतो." तिथून बोलणं सुरू झालं. पुढं न्हावरा-चौफुला रस्त्यानं भीमेचा पूल ओलांडून दर रविवारी येणंजाणं.

आईला आम्ही सरळ सांगितलं, इंजेक्शन नाही, कारण आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. 'बरं करतो' म्हणून उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलं आहे. मग बाबाच्या अंगाऱ्याचं काय बोलायचं! सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला, त्यामुळं दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं एकत्र येणं हा आता गुन्हा नाही. लग्नाचा हक्क मात्र कोर्टानं २०२३ मध्ये दिला नाही, हेही लपवत नाही.

हे शहरी थेर आहे असं कुणी म्हणालं तर 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट दाखवा. खेड्यात भेटलेल्या दोन पुरुषांच्या प्रेमाची ती गोष्ट. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला २०२५ मध्ये अमेरिकेत सनडान्स महोत्सवाचं मोठं बक्षीस मिळालं.

आणि आपल्या घरांनी तर १९३४ साल विसरू नये. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. वाचकांच्या त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. बाबासाहेब त्यालाही लाजले नाहीत. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण उभे राहिले. आम्ही हे वाचलं तेव्हा मान खाली गेली. नर्सिंगच्या शिक्षणात वॉर्डात आलेल्या अशाच दोघांना बघून सगळे हसले होते, त्यात आम्हीही होतो. त्यातला एक उपचार न घेताच निघून गेला. तो आजही आठवतो.

लपूनछपून राहण्यानं तब्येतीचं नुकसान होतं, ते असं. एचआयव्ही समलिंगी असल्यानं होत नाही. निरोध न वापरता, लागण झालेल्या माणसाशी संबंध आला तर होऊ शकतो, मग तो बाईपुरुषांचा का असेना. पण बोभाटा होईल या भीतीनं अशी मुलं तपासणीलाच जात नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत तपासणी मोफत आहे, नाव गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. माहितीसाठी १०९७ वर फोन करा. मन खचलं, जगू नये असं वाटलं, तर १४४१६ वर. घरातलं कुणी असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. आणि 'लग्नानं सुधारतो' म्हणणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे, त्या येणाऱ्या मुलीनं कुणाचं काय वाकडं केलं?

बाबाकडं जाणं टळलं. मुली बघणं थांबलं. वडील अजून मुलाशी बोलत नाहीत, पण ताट वाढलं की हाक मारायला सांगतात. गेल्या महिन्यात दौंडचा घरी आला, हातात पेरूंची पिशवी. आईनं त्याला पाणी दिलं, खालपासून वरपर्यंत निरखलं आणि लेकाला विचारलं, "डबा गटारीत टाकणारा तो हाच ना?"