वासाशिवाय सफाई

तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या बिलोलीच्या परिसरात बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांना नळावर, बादलीच्या कडेला साचणारा पांढरा थर नवा नाही. तो प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो काढायला अनेकजण बाटलीतलं ॲसिड आणतात. त्याची वाफ दम्याच्या रुग्णाला पुरती बेजार करते.

पर्याय स्वयंपाकघरातच आहे. व्हिनेगरात भिजवलेलं फडकं तासभर नळाला गुंडाळून ठेवलं की थर मऊ पडतो. व्हिनेगरचा दर्पही सोसत नसेल तर लिंबू घ्यावं. तांब्या-पितळेला चिंच आहेच.

मात्र शहाबादी फरशीवर यातलं काहीच नको! हा चुनखडीचा दगड. ॲसिड असो वा लिंबू, आम्ल त्याला खातं आणि फरशी कायमची निस्तेज होते. तिथे रिठ्याचं पाणी बरं. त्यातलं सॅपोनिन जड पाण्यातही साबणासारखी चिकट साय धरत नाही. रिठे उकळून, गाळूनच वापरावेत. कोरड्या भुकटीने शिंका येतात, पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याची सध्या फॅशन आहे. फेस भरपूर, पण दोघं एकमेकांना मारतात. त्यामुळे सोडा तेलकट ओट्यासाठी वेगळा ठेवावा.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये: त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू मिसळलं तरी तेच.