देव वाचवणारे बंड

ऑगस्ट १७९१. आजच्या हैतीतील बुआ कायमानच्या रानात गुलामांनी वूडू पंथाच्या विधीत बंडाची शपथ घेतली, असे परंपरा सांगते. त्या उठावातूनच १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. श्रद्धेच्या बळावर वसाहती सत्तेला भिडण्याचे त्याहून दोनशे वर्षे जुने उदाहरण गोव्यात आहे.

सासष्टीतील कुंकळ्ळीचे गावकरी गुलाम नव्हते. पण पोर्तुगीजांनी त्यांची देवळे पाडली होती. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहायला पाच जेझुइट धर्मप्रसारक आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. पोर्तुगीजांनी सूड घेतला. वाटाघाटीच्या निमित्ताने गावच्या सोळा प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि चौकशीविना मारले, त्यांतला एकटाच निसटला.

गावची श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण देवी त्या काळात फातर्प्याला हलवली गेली. आजही फाल्गुनात तिची पालखी कुंकळ्ळीला येते. सोबत बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या नाचत असतात आणि सगळा रस्ता गुलालाने माखतो. शिमग्याच्या दिवसांत गोव्यात असाल, तर हा छत्र्योत्सव जरूर पाहा. पोर्तुगीजांना देवीचे देऊळ पाडता आले, गावाशी असलेले तिचे नाते तोडता आले नाही.