गोचीडजन्य ज्वर : पुरळ उठण्यापूर्वीचा जंतूंचा प्रवास

ज्वराचा रुग्ण चिकित्सालयात आला नाही असा दिवस क्वचितच जातो. त्यांपैकी बहुतेकांचा ज्वर साध्या उपचाराने शमतो. काही रुग्णांत मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठते, रुग्ण ग्लान होतो आणि मग गोवर, डेंग्यू की औषधाची ॲलर्जी अशी चर्चा सुरू होते. या चर्चेत एक नाव बहुधा राहून जाते, ते म्हणजे गोचिडीच्या दंशाने होणारा रिकेट्सिया जंतूंचा ज्वर. हे जंतू दंशस्थानापासून सर्व शरीरात कसे पसरतात, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत. हा प्रवास ध्यानात आला म्हणजे पुरळ ही या रोगाची सुरुवात नसून उशिरा दिसणारी खूण आहे हे पटेल, आणि रुग्णाचे प्राण वाचविण्याचा काळ कोणता हेही स्पष्ट होईल.

रोगाची ओळख

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील बिटररूट खोऱ्यात अंगावर ठिपके उठणाऱ्या एका मारक ज्वराने विसाव्या शतकाच्या आरंभी दहशत पसरविली होती. हा ज्वर गोचिडीमार्फत संक्रमित होतो, हे हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ साली प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले. पुढे १९१० साली मेक्सिको येथे टायफसचे संशोधन करीत असता त्याच रोगाने त्यांना मृत्यू आला. या जंतूंच्या कुळास त्यांचेच नाव मिळाले आहे. त्याच १९१० साली ट्यूनिस येथे कॉनोर व ब्रुश यांनी भूमध्य सागराच्या परिसरातील अशाच ज्वराचे वर्णन केले. त्याचा जंतू तो रिकेट्सिया कोनोराय होय. आपल्या देशातील ‘इंडियन टिक टायफस’ याच जंतूच्या एका उपप्रकाराने होतो आणि कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड हा त्याचा प्रमुख वाहक आहे. जंतू गोचिडीच्या अंड्यांतून पुढील पिढीतही उतरतात.

हा रोग महाराष्ट्रास परका नाही. अकोला येथील बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातील बालरुग्णांच्या अनुभवावरून लवकर निदानास साहाय्यक अशी गुणपद्धती २०११ साली प्रसिद्ध केली आहे. येथे दोन भेद ध्यानात ठेवावेत. विदर्भात २०१८ साली ज्याचा उपद्रव झाला तो स्क्रब टायफस गोचिडीने नव्हे, तर सूक्ष्म माइटच्या अळीच्या दंशाने होतो. सिंधुदुर्गात २०१६ साली आढळलेला माकडताप गोचिडीनेच पसरतो, परंतु त्याचे कारण विषाणू असल्याने जंतुनाशक औषधांचा त्यावर परिणाम होत नाही.

दंशापासून रक्तापर्यंत

गोचीड डासाप्रमाणे क्षणात चावून उडून जात नाही. ती त्वचेत मुखभाग रोवून कित्येक तास, प्रसंगी कित्येक दिवस रक्त शोषीत राहते. तिच्या लाळेत वेदना जाणवू न देणारी, रक्त गोठू न देणारी आणि दंशस्थानची प्रतिकारशक्ती मंद करणारी द्रव्ये असतात. यास्तव अनेक रुग्णांना दंश आठवत नाही. ‘गोचीड चावली नाही’ या उत्तरावर विसंबून निदान वगळणे म्हणूनच योग्य नव्हे. उपाशी गोचिडीच्या शरीरातील जंतू सुप्तावस्थेत असतात, रक्त मिळू लागल्यावर ते सक्रिय होतात. त्यामुळे संक्रमणास सामान्यतः काही तास लागतात आणि गोचीड लवकर काढण्यास मोठे महत्त्व येते.

लाळेबरोबर त्वचेत उतरलेले जंतू प्रथम दंशस्थानच्या पेशींत शिरतात. कित्येकदा तेथे काळी खपली धरते, परंतु भारतीय रुग्णांत ती फारशी आढळत नाही. तेथून लसीकावाहिन्या व रक्त यांच्या मार्गे ते सर्व शरीरात पोहोचतात. या काळात रुग्णास काहीच जाणवत नाही. दंशानंतर साधारणतः दोन आठवड्यांच्या आत ज्वर सुरू होतो. तो दिसू लागतो तेव्हा जंतू दंशस्थान सोडून केव्हाच दूर गेलेले असतात.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील वाढ

हे जंतू मोकळ्या रक्तात वाढत नाहीत. त्यांना जिवंत पेशीच हवी असते, आणि त्यांचे आवडते स्थान म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तर. हे सत्य बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ वोलबाख यांनी १९१९ साली सूक्ष्मदर्शकाखाली सविस्तर दाखविले.

जंतूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिने अस्तराच्या पेशीस चिकटतात आणि त्या पेशीस जंतू आत ओढून घेण्यास भाग पाडतात. आत गेल्यावर तो एका पिशवीत अडकतो, परंतु अल्पावधीत ती फोडून पेशीच्या द्रवात मोकळा होतो. तेथे त्यास अन्नही मिळते आणि रक्तातील प्रतिपिंडांपासून आडोसाही मिळतो. एकाचे दोन, दोनाचे चार अशी वाढ सुरू होते.

यापुढील कृती विशेष लक्षणीय आहे. पेशीस आकार व बळ देणारे ॲक्टिन नावाचे प्रथिन असते. जंतू आपल्या एका टोकाशी या ॲक्टिनचे तंतू रचवून घेतो, धूमकेतूच्या शेपटीप्रमाणे ते मागे वाढत जातात आणि त्यांच्या रेट्याने जंतू पुढे ढकलला जातो. पेशीच्या कडेस पोहोचल्यावर तो शेजारच्या पेशीत घुसतो. अशा रीतीने रक्तात न उतरताच तो अस्तराच्या एका पेशीतून दुसरीत पसरत जातो. दाट लागवडीत रोग एका रोपावरून शेजारच्या रोपावर जावा, तसा हा प्रकार आहे.

पुरळ म्हणजे काय?

बाधित पेशींत घातक ऑक्सिजन-संयुगे साचतात, पेशींची आवरणे झिजतात आणि पेशींमधील सांधे सैल होतात. वाहिनी पाझरू लागते. त्वचेतील वाहिन्या पाझरल्या म्हणजे लाल ठिपके दिसतात, रक्त बाहेर आले म्हणजे ते दाबल्यावरही मावळत नाहीत. हे पुरळ बहुधा ज्वराच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान मनगटे व घोटे यांवर प्रथम उठते आणि तळहात-तळपायांवरही येते. सावळ्या त्वचेवर ते सहज नजरेत येत नाही, म्हणून तळवे भरपूर उजेडात पाहावेत. काही रुग्णांत पुरळ मुळीच उठत नाही.

त्वचेवर जे दिसते तेच त्या वेळी फुप्फुस, मेंदू, वृक्क व यकृत यांच्या वाहिन्यांत घडत असते. त्यातून श्वासकष्ट, भ्रम, आक्षेप, मूत्राल्पता, सूज व रक्तातील सोडियमची घट ही लक्षणे संभवतात. हातापायांची बोटे किंवा कानाच्या पाळ्या काळ्या पडणे हेही रक्तपुरवठा तुटल्याचे चिन्ह होय. दुखावलेल्या अस्तरावर बिंबाणू खर्ची पडतात, म्हणून प्लेटलेटची संख्या उतरते. प्लेटलेट कमी दिसल्या म्हणजे डेंग्यूच, असे समीकरण मांडून केवळ पपईच्या पानाच्या गोळ्या देत राहणे अशा रुग्णास घातक ठरू शकते.

क्रियाकालाची दृष्टी

सुश्रुताचार्यांनी संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती व भेद हे सहा क्रियाकाल सांगितले आहेत. तेथील विचार दोषांचा आहे, जंतूंचा नव्हे, आणि दोहोंची सरमिसळ करण्याचा आमचा हेतू नाही. तथापि व्यक्तीच्या आधी प्रसर व स्थानसंश्रय होऊन गेलेले असतात, आणि चिकित्सा जितक्या आधीच्या अवस्थेत होईल तितकी ती सुलभ, हा त्यातील बोध येथे तंतोतंत उपयोगी पडतो. पुरळाची वाट पाहणे म्हणजे प्रसर व स्थानसंश्रय हे दोन्ही काळ हातचे घालविणे होय.

आपले कर्तव्य

या रोगावर डॉक्सिसायक्लिन हे निश्चित गुणकारी औषध उपलब्ध आहे. ते जंतूंची प्रथिननिर्मिती थांबविते आणि पेशीच्या आत पोहोचते. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन वा सेफ्ट्रिॲक्सोन यांचा या जंतूंवर उपयोग होत नाही, तर सल्फा गटातील औषधांनी रोग बळावू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंका येताच, तपासणीच्या निकालाची वाट न पाहता उपचार सुरू करावयाचे असतात. वेल-फेलिक्स चाचणी पहिल्या आठवड्यात बहुधा नकारार्थी येते, म्हणून त्या निकालाने निश्चिंत होऊ नये. योग्य औषध वेळेवर मिळाल्यास ज्वर सामान्यतः दोन-तीन दिवसांत उतरतो. पाचव्या दिवसानंतर उपचार सुरू झाल्यास धोका पुष्कळ वाढतो.

म्हणून आमची वैद्यबंधू-भगिनींस विनंती अशी की, तीव्र ज्वर, शिरःशूल व अंगमर्द असलेल्या रुग्णास कुत्रा, गुरे, शेत व रान यांच्याशी आलेला संपर्क आवर्जून विचारावा. शंका असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे आणि चिठ्ठीत ‘रिकेट्सियाचा संशय’ असे स्पष्ट लिहावे. वाहिन्या पाझरत असलेल्या रुग्णास वमन-विरेचन देऊ नये, रक्तमोक्षण तर मुळीच करू नये. शामक चिकित्सा व पथ्य यांचे स्थान पूरक आहे, त्यापायी मुख्य उपचारास विलंब होता कामा नये.

औषधविक्रेत्या बंधूंनी पुरळासह ज्वर असलेल्या रुग्णास ताप उतरविण्याची गोळी वा स्टेरॉइड देऊन घरी पाठवू नये, तर त्यास चिकित्सकाकडे जाण्याचा आग्रह करावा. डॉक्सिसायक्लिनही चिकित्सकाच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, मात्र चिठ्ठी आली असता ते दुकानात नाही असे होऊ देऊ नये.

अंगास चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल वा चटका यांचा उपयोग करू नये. गुरांच्या व कुत्र्यांच्या गोचिडी बोटांनी चिरडण्याची आपल्याकडील सवय तर सोडावयासच हवी, कारण चिरडलेल्या गोचिडीतील द्रव जखमेत वा डोळ्यात गेल्यास त्यातूनही संक्रमण होते. ही एवढी माहिती प्रत्येक पशुपालक रुग्णास आपण चिकित्सालयातूनच दिली, तर अनेक ज्वर उद्भवण्यापूर्वीच टळतील.