हात धुवायला पाणी कुठंय?

२०२० च्या मार्चपासून कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मग साबणानं हात धुवायची सूचना. आठवतंय ना मैत्रिणींनो? माझ्या सासूबाईंना सुरुवातीला वाटायचं, पलीकडचं माणूसच आजारी आहे. "अगं बाई, बरं नाही का तुला?" असं त्या फोनमध्ये काळजीनं विचारायच्या. हसून हसून पुरेवाट व्हायची. पण मला त्या सूचनेचा राग यायचा, तो वेगळ्याच कारणानं. वीस सेकंद हात धुवा म्हणे. अहो, धुते की! आधी पाणी सोडा.

आम्ही राहतो तळोजा फेज वनमध्ये. तळोजा म्हटलं की बऱ्याच जणींना फक्त तुरुंग आठवतो, म्हणून सांगते. हा भाग पनवेल महापालिकेत येतो. एका अंगाला खारघर, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीचे कारखाने आणि मधून दिवा-पनवेल रेल्वे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून कर्ज काढून इथं आलेली आमच्यासारखी माणसं. आता पेंधरहून बेलापूरला मेट्रो धावते, पण ती सुरू झाली १७ नोव्हेंबर २०२३ ला. टाळेबंदीत तिचे नुसतेच खांब उभे होते. त्या खांबांच्या सावलीत भाजीवाले बसायचे, पोलिसांची गाडी दिसेपर्यंत.

पाण्याचं म्हणाल तर शेजारशेजारच्या शहरांत किती तऱ्हा! नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. जुन्या पनवेल शहराचं देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठतं. आणि आमच्यासारख्या नव्या वसाहतींच्या नशिबी टॅंकरची वाट बघणं. त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीला सकाळी पाऊण तास पाणी यायचं. वरच्या मजल्यांवर तेही करंगळीएवढ्या धारेनं.

मी एकदा मापूनच बघितलं. नळ न सोडता, तांब्यानं ओतून, साबण लावून नीट हात धुतले तरी अर्धा लिटर पाणी लागतं. घरात आम्ही पाच जण. प्रत्येकानं दिवसातून दहा वेळा धरलं तरी पंचवीस लिटर. म्हणजे दीड बादली फक्त हातांना! शिवाय भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची, दुधाच्या पिशव्या धुवायच्या, बाहेरून आलेल्याचे कपडे तिथल्या तिथं गरम पाण्यात टाकायचे. आमचे 'हे' एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात. ती अत्यावश्यक सेवा, त्यामुळे त्यांना सुट्टी नाही. म्हणजे रोजची एक बादली त्यांच्या कपड्यांना. आणि हा हिशेब ठेवणार कोण? घरात सगळे होते हो, चोवीस तास होते. पण सकाळी साडेपाचला उठून पिंप, कळशा, पातेली, अगदी प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवायला मी आणि सासूबाईच. मुलांचं म्हणणं, "आई, लॉकडाऊन आहे, झोपू दे ना."

(या एमआयडीसीचीही एक गंमत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इथले निळे कुत्रे देशभर गाजले होते. कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या सांडपाण्यानं त्यांच्या अंगाला निळा रंग चढला होता. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत बरेच कारखाने थांबले आणि रात्री नाकाला झोंबणारा वास गेला. खिडक्या उघड्या टाकून झोपलो आम्ही. ते सुख फार दिवस टिकलं नाही.)

नियम करणाऱ्यांनी कधी घर चालवलं होतं का, असा प्रश्न मला त्या दिवसांत वरचेवर पडायचा. २५ मार्चला टाळेबंदी लागली, तेव्हा जीवनावश्यक वस्तूंमध्ये सॅनिटरी पॅड येतात की नाही, हेच कुणाला स्पष्ट नव्हतं. २९ मार्चला केंद्रीय गृहखात्यानं खुलासा केला, तेव्हा कुठं ते ठरलं. त्या चार दिवसांत ज्यांची पाळी आली असेल त्यांनी काय करावं? आमच्या मेडिकलवाल्याकडे पाकिटंच संपली होती. मग जुने सुती परकर कात्रीखाली गेले आणि पुन्हा प्रश्न आला धुण्याच्या पाण्याचा. ४ मेपासून दारूची दुकानं मात्र उघडायची परवानगी मिळाली आणि राज्यात ठिकठिकाणी अशा रांगा लागल्या की मुंबई महापालिकेला दोन दिवसांत ती परवानगी मागं घ्यावी लागली. इकडे आमचा भाजीवाला गल्लीबोळातून पळत होता, टोमॅटो सांडत.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना सोसायटीनं गेटवरच अडवलं. सरकारनं मदत जाहीर केली होती, नाही असं नाही. जनधन खात्यात बायकांना एप्रिल ते जून महिना ५०० रुपये. केसरी कार्डावर माणशी तीन किलो गहू ८ रुपयांनी, दोन किलो तांदूळ १२ रुपयांनी. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना केली. पण मावशींचं नाव गावाकडच्या कार्डावर, सासऱ्यांच्या. आणि ५०० रुपये काढायला बॅंकेबाहेर उन्हात तीन तास उभं राहायचं. त्या तीन महिन्यांचा पगार आम्ही दिला, पण इमारतीतल्या सगळ्यांनी दिला नाही. "काम नाही तर पगार कसला?" असं म्हणणाऱ्यांचा स्वतःचा पगार घरबसल्या चालू होता, एवढंच सांगते.

आता जे सांगायचं आहे ते सिस्टरांबद्दल. आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या त्या, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. लोकल बंद. पहाटे पाचला त्यांचे यजमान स्कूटरवरून त्यांना अत्यावश्यक सेवेच्या एसटीपर्यंत सोडायचे. परत यायला रात्रीचे नऊ-साडेनऊ. बारा-बारा तास प्लॅस्टिकच्या पोशाखात घामानं निथळून बाई घरी यायची आणि नळ कोरडा. घरी लहान मुलगी. आंघोळ केल्याशिवाय तिला जवळ घ्यायचं नाही. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत स्वयंपाकपाण्यात संपलेलं.

२२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आमच्या इमारतीनं जोरजोरात थाळ्या वाजवल्या होत्या. सेक्रेटरींनी तर शंख आणला होता. एप्रिलच्या शेवटी त्याच सेक्रेटरींच्या सहीचा कागद लिफ्टजवळ लागला: मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये आणि शक्यतो राहण्याची सोय तिकडेच करावी. आमच्याच लोकांना असं सुचलं असंही नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं तर तसा आदेशच काढला होता, ८ मेपासून लागू होणारा. टीका झाली आणि मागं घेतला. पनवेलमध्येही ही मागणी होत होतीच. भीती मलाही होती. पण पाच मजले चढून वर गेलेल्या त्या बाईला बादलीभर पाणीही मिळू नये?

सासूबाईंनी तोड काढली. सकाळच्या पाण्यातली एक बादली आणि एक कळशी बाजूला. रात्री नऊ वाजता गॅसवर पातेलं चढवायचं आणि गरम पाणी घालून बादली जिन्यात ठेवायची. सिस्टरांचे यजमान येऊन घेऊन जायचे. चौथ्या दिवशी समोरच्या वहिनींनी विचारलं, "हे काय चाललंय?" मी सांगितलं. म्हटलं, आता तक्रार होणार. तर दुसऱ्या दिवशी जिन्यात दोन बादल्या! आठवड्याभरात तळमजल्यापासून वरपर्यंत बायकांनी वारच लावून घेतले. सोमवारी आम्ही, मंगळवारी वहिनी... पुरुषमंडळींना हे कळायला पंधरा दिवस लागले.

मग मे महिन्यात गच्चीवर मीटिंग झाली, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून. एरवी तिथं पुरुषच बोलतात. त्या दिवशी आम्ही सात-आठ जणी गेलो. मागणी साधी होती. खालच्या टाकीत थोडं पाणी राखून रात्री साडेनऊला पंधरा मिनिटं पंप लावा. सेक्रेटरी म्हणाले, वीजबिल वाढेल. सासूबाई म्हणाल्या, "शंखाला किती खर्च आला होता?" त्यानंतर कुणी फारसं बोललं नाही. तो कागदही एके दिवशी लिफ्टजवळून गेला. कुणी काढला, विचारू नका.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दक्षिण रायगडात हाहाकार झाला, आमचे नुसते पत्रे उडाले. जुलैत पनवेल महापालिका हद्दीत पुन्हा कडक लॉकडाऊन लागला. आधी दहा दिवस म्हणाले, मग वाढवला. सगळेच वैतागले होते. त्यातच कोनच्या विलगीकरण केंद्रात एका महिलेवर अत्याचार झाल्याची बातमी आली. तपासणीसाठी गेलो आणि तिकडेच नेलं तर, या धास्तीनं आमच्या इमारतीतल्या दोघींनी ताप अंगावर काढला. त्यांची समजूत घालायला, ऑक्सिमीटर बोटाला लावून बघायला दारात कोण उभं होतं म्हणता? सिस्टरच. यावेळी मात्र त्या लिफ्टनं आल्या होत्या.

लोकल सगळ्या बायकांना खुली झाली ती २१ ऑक्टोबरला, तीही गर्दीच्या वेळा सोडून. सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. ज्यांना नऊला कामावर पोचायचं होतं त्यांनी काय करायचं, ते विचारायला कुणी नव्हतं. सिस्टरांकडे तेवढं ओळखपत्र होतं म्हणून त्यांची एसटीच्या धक्क्यांतून जूनमध्येच सुटका झाली होती. पुढं दोन वर्षांनी त्यांची बदली झाली आणि ते कुटुंब हललं. जाताना सासूबाईंना त्यांनी नवी पितळी कळशी दिली. "आता पिंपं आहेत घरात, कळशी कोण वापरतं?" असं म्हणत सासूबाई ती रोज घासतात.

रात्रीचा पंप अजून चालू आहे. साडेनऊ ते पावणेदहा. हल्ली त्या वेळेला मेट्रोनं उशिरा परतणाऱ्या पोरी आंघोळ उरकतात. पंधरा मिनिटं पुरत नाहीत, वीस करा, अशी चिठ्ठी परवाच लिफ्टजवळ लागली आहे.