दूध आणि पान्हा

दूध आणि पान्हा हे मराठीतले दोन वेगळे शब्द, पण आपण ते एकच धरून चालतो. गोठ्यातला माणूस अशी गल्लत करत नाही. वासरू लांब बांधलं, अनोळखी हात लागला, की गाय पान्हा चोरते. कासेत दूध असतं, उतरत नाही एवढंच. गाईबद्दल इतकी समज असलेली आपण माणसं बाळंतिणीपाशी आलो की एका वाक्यात निकाल देतो : ‘हिचं दूध आटलं.’

हा निकाल मी स्वतःबद्दल ऐकला आहे. १९८७ साली, ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात. तीन महिन्यांची रजा संपवून मी बँकेत रुजू झाले. सकाळी मुलीला अंगावर पाजून निघायचं ते संध्याकाळी सहालाच परत. दुपारपर्यंत छाती दगडासारखी व्हायची. मग रेकॉर्ड रूममध्ये जुन्या लेजरांच्या आड उभं राहून थोडं दूध रुमालात पिळून टाकायचं, तेही चोरून. महिन्याभरात छाती भरायचीच थांबली. सासूबाई अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी सगळं मनापासून करून घालत होत्या. उपयोग झाला नाही. पावडरीचा डबा घरात आला. ‘तुला नव्हतंच फारसं,’ असं पुढे सगळे म्हणत आणि मीही कित्येक वर्षं ते खरं मानून चालले.

पुढच्याच वर्षी जव्हारला बदली झाली. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. तेव्हा जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. बाजाराच्या दिवशी वारली, कोकणा, ठाकूर बाया शाखेच्या पायऱ्यांवर बसलेल्या असत, झोळीतलं पोर छातीशी. त्या घड्याळ बघून पाजत नसत. पोर कुरकुरलं की घेतलं. अंगानं काटक्या त्या बाया, आणि दूध त्यांना! मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

यातलं गणित बँकेच्या हिशेबाच्या नेमकं उलटं आहे. बँकेत काढाल तितकी शिल्लक घटते; इथे काढाल तितकी भर पडते. बाळानं ओढलं की मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवतं, ऑक्सिटोसिन ते उतरवतं. हा दुसरा म्हणजेच आपला पान्हा. भीती, दुखणं, अवघडलेपण यांनी तो अडतो, पण म्हणून दूध संपलेलं नसतं. मात्र छाती तासन्‌तास भरलेली राहिली, तर शरीर समजतं की मागणी नाही, आणि उत्पादन कमी करतं. रेकॉर्ड रूममध्ये माझं हेच झालं होतं. आटलं काहीच नव्हतं. कुणी नेलं नव्हतं.

हे मला कळलं २०१८ साली, तीच मुलगी आई झाली तेव्हा. २०१७च्या कायदेदुरुस्तीमुळे तिला २६ आठवडे रजा होती. तरी पहिल्या पंधरवड्यात बाळाचं वजन भरेना. प्रसूतिगृहातल्या सिस्टरनी अळिवाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी बाळाची पकड बघितली. नुसतं बोंड नव्हे, भोवतालचा काळा भागही तोंडात हवा, तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं आणि रात्रीचं चुकवायचं नाही, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. पाजून झाल्यावर उरलेलं पंपानं काढायचं. शिवाय दिवसातून एकदा तासभर दहा मिनिटं पंप, दहा मिनिटं विश्रांती असा क्रम. भुकेलं बाळ सारखं सारखं लुचतं, त्याची ही नक्कल. आठवड्याभरात फरक पडला. दूध पुरतंय की नाही, हे छाती हलकी वाटण्यावरून किंवा रडण्यावरून ठरवायचं नसतं. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात का आणि वजन वाढतं का, ते बघायचं.

पंप नसला तरी अडत नाही. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात काढलेलं दूध आपल्या हवेत चार तास ठेवता येतं, आणि ते बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं किंवा जुन्या बोंडल्यानं पाजता येतं. शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथेही आया काढून देतात तेच दूध, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी.

मग जव्हारची बाळं का दगावली? १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. आईच उपाशी, तर दूध कुठून येणार, असं आपण म्हणून मोकळे होतो. अर्धपोटी बाईचं दूध सहसा बंद पडत नाही. ती ते स्वतःच्या हाडामांसातून देते आणि स्वतः खंगते. पाजणाऱ्या बाईला दिवसाला सहाशे उष्मांक जास्तीचे लागतात. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि पाजणाऱ्या बायांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं, ते यासाठीच. पण दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलं की ती अंगणवाडी मागे राहते, आणि भट्टीवर बाईला दर दोन तासांनी बाळाकडे जाऊ देणारा मुकादम मी तरी पाहिला नाही. माझ्या रेकॉर्ड रूमला निदान दार होतं.

गावातही जुलैत आवणी लागली की बाई सकाळी खाचरात उतरते, ती अंधार पडताना वर येते. वसुलीसाठी मोखाड्याच्या वाटेवर जीपमधून जाताना पाहिलेलं एक दृश्य सांगते. धो धो पाऊस, आणि डोक्यावर इरलं घेतलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन बांधाबांधानं येत होती. आईनं चिखलाचे हात खाचरातच धुतले, बांधावर बसली, पोराला इरल्याखाली घेतलं. बारकी पोरगी तोवर पावसात भिजत उभी. पोर पिऊन झालं, तसं तिनं ते पुन्हा कडेवर घेतलं आणि आली त्या वाटेनं गेली. ड्रायव्हर म्हणाला, ती रोज दोनदा येते. शनिवार नव्हता, रविवार नव्हता. शाळा चालू होती.