व्हरांड्यातलं बाक

सगळी मुलं वर्गात आणि एकट्या तुमच्या मुलाचं बाक बाहेर व्हरांड्यात. त्यानं खोडी काढलेली नाही, गृहपाठही चुकवलेला नाही. आत धर्माचा तास चालू आहे आणि त्याच्या आईवडिलांनी संमतीच्या कार्डावर सही केलेली नाही, एवढंच.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन शहरात (हो, नाव तेच!) जेम्स मॅककोलम या शाळकरी मुलाच्या बाबतीत हे घडलं. तिथल्या सरकारी शाळांत 1940 पासून आठवड्यातून एकदा हा तास व्हायचा. लहान वर्गांना 30 मिनिटं, मोठ्यांना 45. प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू असे वेगवेगळे वर्ग. शिकवणारे बाहेरून यायचे, त्यांचा पगार शाळा देत नसे. कागदावर सगळं ऐच्छिक. पण चौथी-पाचवीतल्या मुलाला ऐच्छिक म्हणजे काय कळणार? त्याला दिसतं, की सगळे आत आणि मीच बाहेर. मग चिडवाचिडवी आलीच.

1945 मध्ये त्याची आई वाश्ती कोर्टात गेली. राज्यातल्या दोन्ही कोर्टांत हरली. लोकांनी घरावर सडकी भाजी फेकली, तिची नोकरीही गेली. शेवटी 8 मार्च 1948 ला सुप्रीम कोर्टानं 8 विरुद्ध 1 मतांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. करदात्यांच्या पैशांनी बांधलेली इमारत आणि सक्तीच्या शिक्षणाची यंत्रणा धर्मप्रसाराला वापरता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात मात्र शाळेच्या आवाराबाहेर अशा तासाला जायची मुभा 6 विरुद्ध 3 मतांनी कायम राहिली. म्हणजे भिंत आहे, पण तिला फाटकही आहे.

आपल्याकडे काय? राज्यघटनेचं कलम 28 सांगतं, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला त्यात बसवायचं, तर पालकांची संमती लागते. वाचायला छान वाटतं. पण पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘सगळ्यांच्या सह्या आल्या, फक्त तुमचीच राहिलीय’ असा मेसेज आला, की नाही म्हणायचा धीर किती जणांना होतो?

फॉर्म हातात आला, की सहीआधी एक गोष्ट शाळेला जरूर विचारा. नाही म्हटलं, तर त्या तासाला माझं मूल कुठं बसेल आणि काय करेल?